कॅमेऱ्याचा वर्ग लावलाय? फोटो नेमका कुठे बिघडतो ते आधी ओळखा

अंधारखोली:
नवा कॅमेरा, सोबत मिळालेली १८-५५ची किट लेन्स आणि रविवार सकाळचा वर्ग, एवढ्या भांडवलावर सुरुवात करणाऱ्यांचे प्रश्न इथे दहा धाग्यांवर विखुरलेत. ते एका जागी यावेत म्हणून हा धागा. कुठला कॅमेरा घ्यावा हा वाद कृपया इथे नको, त्यासाठी वेगळे धागे वाहताहेत.

वर्गात पहिल्याच दिवशी फळ्यावर त्रिकोण निघतो: ॲपर्चर (लेन्सचं भोक), शटर (उजेड आत येण्याचा वेळ), आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता). त्रिकोण बरोबरच आहे, पण पडद्यावर दिसणारा फोटो कशाने बिघडला ते त्यातून कळत नाही. म्हणून उलट्या बाजूने सुरू करू. 'फोटो ब्लर आला' असं सगळेच म्हणतात, पण ब्लर तीन जातींचा असतो आणि तिघांचं औषध वेगळं. फोटो पडद्यावर पूर्ण मोठा करून बघा.

भिंत, खांब, माणूस, सगळंच एका दिशेला ओढल्यासारखं दिसतंय आणि दिव्यांच्या ठिपक्यांच्या एकसारख्या रेघोट्या झाल्यात? मग तुमचा हात हलला. हातात धरून काढताना शटरचा खालचा आकडा लेन्सच्या मिलिमीटरपेक्षा कमी नको. छोट्या (एपीएस-सी) सेन्सरच्या कॅमेऱ्यात मिलिमीटरची दीडपट धरायची, कॅननमध्ये १.६ पट. म्हणजे ५५ मिमीवर १/१००च्या खाली उतरू नका. लेन्समधलं स्थिरीकरण चालू असेल तर दोन-तीन स्टॉप सूट मिळते (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा).

भिंत खणखणीत आणि चालणारा माणूस तेवढा पुसट? मग माणूस हलला. इथे स्थिरीकरणाचा काडीचा उपयोग नाही, ते फक्त तुमचा हात सावरतं. बसून बोलणाऱ्या माणसाला १/१२५, चालणाऱ्याला १/२५०, पळणाऱ्या पोराला १/५००, दहीहंडीच्या कोसळत्या थराला १/१०००.

माणूस पुसट, पण त्याच्या मागच्या खिडकीचे गज स्वच्छ? मग फोकस चुकला. बहुतेक वेळा कॅमेऱ्याने फोकसचा चौकोन आपल्या मर्जीने निवडलेला असतो. सगळे चौकोन बंद करून एकच मधला ठेवा, तो डोळ्यावर आणा, बटण अर्धं दाबून धरा, हवी ती चौकट जुळवा, मग उरलेलं दाबा. अर्धं दाबल्यावर पुढे-मागे झुकायचं नाही. झुकलात की अंतर बदललं आणि फोकस गेला.

पहिल्या महिन्यात एवढं निदान जमलं तरी निम्मं काम झालं. पुढचं प्रतिसादांत.

नवखी_बोरिवली:
चांगला धागा. दोन शंका. एक, माझ्या कॅमेऱ्याच्या काचेतून बघताना सगळंच अंधुक दिसतं, फोटो मात्र चांगला येतो. लेन्स खराब आहे का? दोन, एफ २.८ मोठा आणि एफ १६ लहान, हे उलटं का? वर्गात 'पाठ करा' म्हणाले.

भिंगरी:
पाठ नका करू ताई, एका भागाकारात सुटतं.

आधी काच. तुम्ही बघता त्या खिडकीच्या कडेला एक बारीक चाक असतं, त्याला डायॉप्टर म्हणतात. चष्मा असलेल्यांनी चष्म्यासकट काढायचं की चष्म्याविना, ते आधी ठरवा. मग चित्राकडे नाही, तर काचेतल्या आकड्यांकडे बघत चाक फिरवा. आकडे ठळक झाले की थांबा. लेन्स खराब नाही. हे चाक पिशवीत घासून आपोआप फिरतं, तेव्हा अधूनमधून बघत जा.

आता एफ. एफ/४ हा अपूर्णांक आहे: लेन्सची लांबी (म्हणजे तिच्यावर लिहिलेले मिमी) भागिले ४. ५० मिमीच्या लेन्सवर एफ/२ म्हणजे २५ मिमी व्यासाचं भोक, एफ/४ म्हणजे साडेबारा मिमीचं. छेद मोठा झाला की भोक लहान, चौथीतलंच गणित. व्यास निम्मा झाला की क्षेत्रफळ पाव होतं, म्हणून एफ/२वरून एफ/४वर आलं की उजेड चौपट घटतो. उजेड फक्त निम्मा करायचा तर व्यासाला १.४ने भागावं लागतं. २.८, ४, ५.६, ८, ११, १६ ही विचित्र दिसणारी माळ तिथून आली. माळेतली एक पायरी म्हणजे एक स्टॉप, आणि शटरचीही पायरी दुप्पट-निमपटीचीच: १/६०, १/१२५, १/२५०. एकीकडे एक पायरी उघडली की दुसरीकडे एक मिटायची, फोटोचा उजेड तोच राहतो.

कॅमेऱ्याचं चाक मात्र एका टिचकीला पाव-अर्धी नाही, तिसरा हिस्सा स्टॉप सरकतं. म्हणून मध्ये ३.२, ३.५, ६.३ असले आकडे दिसतात. तीन टिचक्या म्हणजे एक स्टॉप.

फास्ट_लोकल_स्लो_शटर:
धागा छान पण एका मुद्द्यावर भांडण. बरेच वर्ग पहिल्या दिवसापासून 'एम'वरच, म्हणजे सगळे आकडे हाताने ठरवून, काढायला लावतात. का? चर्चगेटबाहेर रस्त्यावर सावलीतून उन्हात माणूस दोन पावलांत येतो, उजेड तीन-चार स्टॉपने बदलतो. नवशिका चाकं फिरवेपर्यंत माणूस मंत्रालयात पोचलेला असतो.

माझा सल्ला: डायल 'ए'वर, कॅननमध्ये 'एव्ही'वर (ॲपर्चर तुम्ही ठरवा, शटर कॅमेरा ठरवतो). ॲपर्चर एफ/५.६. आयएसओ ऑटो, वरची मर्यादा ३२००. मेनूत ऑटो आयएसओखाली किमान शटर ठरवायची सोय असेल तर १/२५० घाला. आता डोकं चौकटीत घालायला मोकळं.

अंधारखोली:
रस्त्यावर तुमचं म्हणणं मान्य. पण 'एम' शिकवण्यामागे कारण आहे. 'ए'वर असताना फोटो काळा आला तर तो मीटरने (कॅमेऱ्यातल्या उजेडमापकाने) फसवलं म्हणून की आयएसओ मर्यादेला टेकला म्हणून, हे नवशिक्याला उमजत नाही. घरात खिडकीजवळ स्टुलावर एक पितळी तांब्या ठेवून अर्धा तास 'एम'वर काढला की तिन्ही चाकांचं नातं हाताला कळतं. तांब्या कुठे पळत नाही.

उन्हासाठी तोंडपाठ असावा असा एकच नियम: लख्ख उन्हात एफ/१६ आणि शटर आयएसओइतकं, म्हणजे आयएसओ १००ला १/१००. मुंबईत हिवाळ्यातही धुरकट असतं, तेव्हा एफ/११ धरा. पातळ ढगात एफ/८, पावसाळी गच्च आभाळात एफ/५.६ किंवा एफ/४. मीटर वेगळंच काही सांगू लागला की हा नियम समोर ठेवून विचारायचं, खोटं कोण बोलतंय?

फास्ट_लोकल_स्लो_शटर:
तांब्याला 'एम', माणसाला 'ए'. मिटलं.

दुपारची_सावली:
मीटर खोटं का बोलतो तेही सांगा कुणीतरी. लग्नात पांढरी साडी राखाडी येते आणि काळा सूट फिकट.

भिंगरी:
मीटरला साडी कळत नाही, उजेड कळतो. समोरचं सगळं मिळून मधल्या करड्या छटेचं असणार असं तो धरून चालतो. चौकटभर पांढरं दिसलं की त्याला वाटतं उजेड जास्त झाला, तो कमी करतो आणि पांढऱ्याचा करडा होतो. काळ्याचं उलट. म्हणून पांढऱ्याला अधिक, काळ्याला उणे. अधिक-उण्याचं बटण शटरजवळ असतं. चुन्याच्या भिंतीसमोर पांढरा सदरा: +१. काळ्या पडद्यासमोरचा नट: −१ ते −१.७. 'एम'वर आयएसओ हाताने ठेवला असेल तर या बटणाने फोटो बदलत नाही, हे विसरून लोक चिडतात.

सरावाला घारापुरी चांगली. बाहेर ऊन, आत काळा कातळ, त्रिमूर्तीवर एका बाजूने झिरपणारा उजेड. सगळ्या चौकटीचा मीटर कातळ बघून जास्त उजेड देतो आणि दाराशी उभी माणसं पांढरीफट्ट पडतात. स्पॉट मीटर (चौकटीतला छोटा ठिपकाच मोजणारा) लावून त्रिमूर्तीच्या उजळ गालावर धरा, सावली काळी पडू द्या. आत साधारण आयएसओ १६०० ते ३२००, एफ/४, १/३० लागतं. ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची परवानगी हवी आणि सोमवारी लेणी बंद असतात.

पडद्यावरच्या चित्रावर विश्वास ठेवू नका. उन्हात पडदा काळपट दिसतो, रात्री उजळ. हिस्टोग्राम, म्हणजे डावीकडे काळं आणि उजवीकडे पांढरं दाखवणारा उजेडाचा आलेख, बघा. डोंगर उजव्या भिंतीला चिकटून कापला गेला असेल तर तिथला तपशील गेला, नंतर संगणकावरही परत येत नाही. डावीकडे कापला गेला तर थोडाफार वाचतो.

लालबागचा_गर्दुल्ला:
गणपतीच्या मंडपात काढलेल्या फोटोंवर आडवे काळे पट्टे येतात. एक फोटो पिवळा, पुढचा हिरवट. कॅमेरा बदलून बघितला, तेच. मंडपाच्या आत कुठलं शटर ठेवायचं?

अंधारखोली:
कॅमेरा निर्दोष आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून दिवा सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतो. डोळ्याला कळत नाही, १/५००च्या शटरला कळतं. शटरची फट सेन्सरवरून वरून खाली सरकत जाते, तेवढ्यात दिवा मंद झाला की तिथे पट्टा उमटतो. १/१०० किंवा १/५० ठेवा. त्यात मंद-तेजचं पूर्ण आवर्तन मावतं, मग प्रत्येक फोटोत सारखाच उजेड येतो. मेनूत अँटी-फ्लिकर असेल तर चालू करा. आणि सायलेंट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर आधी बंद करा. निम्म्या लोकांचे पट्टे तेवढ्यानेच जातात, कारण ते शटर सेन्सर फार सावकाश वाचतं.

धावत्या एलईडी माळा आणि मूर्तीमागचे एलईडी पडदे यांची लुकलुक मात्र विजेच्या तालावर नसते, त्यांच्या आतल्या सर्किटवर असते. तिथे १/१००नेही पट्टा राहू शकतो. मग १/६०, १/५०, १/४० असं एकेक उतरत पट्टा जाईपर्यंत बघायचं. मूर्ती हलत नाही, तुम्ही श्वास रोखून खांबाला टेका.

रंगाचं म्हणाल तर ऑटो व्हाइट बॅलन्स प्रत्येक फोटोला वेगळा निर्णय घेतो. केल्व्हिन हाताने घाला: पिवळ्या बल्बला ३०००-३२००, ट्यूबलाइटला ४०००च्या आसपास, उन्हाला ५२००-५५००, सावलीला ७०००. दोन जातींचे दिवे एकत्र असतील तर मूर्तीच्या चेहऱ्यावर पडणाऱ्या दिव्याचा आकडा घ्या. मागची झालर निळी पडली तर पडो.

लालबागचा_गर्दुल्ला:
इलेक्ट्रॉनिक शटरच होतं! धन्यवाद काका.

तिसरी_खिडकी:
पार्श्वभूमी धूसर करायला ५० मिमी एफ/१.८ घ्या असं सगळे सांगतात. किट लेन्सवर अजिबात होत नाही का?

भिंगरी:
होते. धूसरपणा तीन गोष्टींवर ठरतो: ॲपर्चर, लेन्सची लांबी, आणि विषय-पार्श्वभूमीतलं अंतर. तिसरी फुकट आहे, म्हणून तिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. लेन्स ५५वर न्या, एफ/५.६, माणूस दोन मीटरवर आणि भिंतीपासून त्याला पाच-सहा मीटर पुढे आणा. साधारण ३० सेंटिमीटर जाडीचा पट्टा स्पष्ट राहील, म्हणजे नाकापासून कानापर्यंत चेहरा आरामात मावतो, आणि भिंत विरघळेल. चाळीच्या गॅलरीत माणसाला दाराला पाठ लावून उभं करण्याऐवजी गॅलरीच्या लांबीत उभं करा, मागे सात-आठ खोल्यांची लांबी मिळते.

उलट ५० मिमी एफ/१.८वर दीड मीटरवरून काढाल तर स्पष्ट पट्टा जेमतेम सहा-साडेसहा सेंटिमीटरचा. डोळा स्पष्ट, कान गेला. नवशिक्याचे एफ/१.८वरचे दहातले सात फोटो नाकावर फोकस होऊन बसतात. एफ/२.८वर आणा.

घरचा अभ्यास: टेबलावर सहा वाट्या तिरक्या रांगेत, दोघींत दहा सेंटिमीटर. तिसरीवर फोकस. एफ/५.६, ८, ११, २२, प्रत्येकी एक फोटो, लेन्स ५५वर. शटर बराच उतरेल, तेव्हा कॅमेरा पुस्तकांच्या गठ्ठ्यावर ठेवून दोन सेकंदांचा टायमर लावा. मग शेजारी-शेजारी लावून मोजा किती वाट्या स्पष्ट आहेत. एफ/२२चा फोटो जरा जास्त मोठा करून बघा. वाट्या जास्त दिसतील, पण तिसरी वाटीही एफ/८इतकी धारदार नसेल. भोक फार बारीक झालं की कडेवरून उजेड पसरतो. छोट्या सेन्सरवर एफ/११च्या पुढे जायचं ते नाइलाज म्हणून.

तिसरी_खिडकी:
आणि सगळंच स्पष्ट हवं असेल तर? आमचा वर्ग पुढच्या रविवारी ओव्हल मैदानावर आहे.

फास्ट_लोकल_स्लो_शटर:
१८ मिमी, एफ/८, फोकस दोन मीटरवर. एक मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट. ओव्हलवर क्रिकेटची बॅट पुढे आणि राजाबाई टॉवर मागे, दोन्ही मिळतात. बॅटवाल्याला विचारून.

ओव्हलबद्दल आणखी. मैदानाच्या पूर्वेला उच्च न्यायालय, विद्यापीठ, टॉवर ही गॉथिक रांग आणि पश्चिमेला आर्ट डेको इमारती. दोन्ही मिळून २०१८ साली जागतिक वारशात गेल्या. वर्ग सकाळचा असेल तर ऊन पश्चिमेकडच्या आर्ट डेको दर्शनी भागांवर, गच्च्यांच्या गोलाईवर पडतं. टॉवर तेव्हा पाठीमागून उजळलेला, म्हणजे फक्त काळी आकृती. टॉवरवर ऊन हवं तर चारनंतर जा. वर्गाची वेळ बदलत नसेल तर सकाळी टॉवरच्या वाट्याला जाऊच नका, पश्चिमेकडे तोंड करा.

टॉवर ८५ मीटर उंच आहे. जवळ जाऊन कॅमेरा वर वळवला की तो मागे कलंडल्यासारखा दिसतो. मैदानाच्या पश्चिम कडेला या, कॅमेरा उभा धरा, १८ मिमी, आणि पाठीचा सेन्सर जमिनीला काटकोनात ठेवा. खालची निम्मी चौकट मैदानाने भरेल, ती घरी छाटा. मैदानाच्या कडेच्या झाडांची खोडं सरळ दिसतात का ते बघत राहा, ओळंब्याची गरज नाही.

मरीन ड्राइव्हलाही दिशेचा हिशेब लागतो. चर्चगेटसमोरून डिसेंबरातला सूर्य उघड्या समुद्रात बुडतो, जूनमधला मलबार हिलच्या मागे. आपल्याकडे संधिप्रकाश फार टिकत नाही. सूर्य गेल्यावर पंधराव्या ते तिसाव्या मिनिटापर्यंत आभाळ निळं आणि दिवे लागलेले, एवढीच फट. ट्रायपॉड दिसला की पुष्कळ ठिकाणी हटकतात, म्हणून कापडी पिशवीत अर्धा-पाऊण किलो मूग भरून कठड्यावर ठेवा आणि त्यात कॅमेरा बसवा. आयएसओ १००, एफ/८, शटर दोन ते आठ सेकंद, टायमर दोन सेकंद, स्थिरीकरण बंद. कॅमेरा स्थिर असताना ते चालू राहिलं तर काही लेन्स उगाच थरथरतात. पट्टा मनगटातच ठेवा, कठड्यापलीकडे टेट्रापॉड आहेत.

दुपारची_सावली:
आणि आमच्यासारखे मूग घरी आणून उसळ करतात.

फास्ट_लोकल_स्लो_शटर:
पॅनिंगचं राहिलं. बस स्पष्ट, मागचा रस्ता रेघांचा, हा फोटो सगळ्यांना हवा असतो. रेल्वेच्या फलाटावर याचा सराव नको: गर्दी, पिवळी रेघ, आणि व्यावसायिक चित्रणाला रेल्वेची परवानगी लागते. फुटपाथवरून बेस्टची लाल बस घ्या. शटर १/३०, 'एस' किंवा 'टीव्ही' मोड (शटर तुम्ही ठरवता), फोकस सतत बसचा पाठलाग करणारा, म्हणजे एएफ-सी किंवा एआय सर्व्हो. पाय बस जिथे समोर येईल त्या दिशेला रोवा, कमरेतून मागे वळा, बस दुरून दिसली की तिच्या नंबरावर चौकोन धरून तिच्यासोबत वळत या, अगदी समोर आल्यावर दाबा आणि दाबल्यावरही वळत राहा. बहुतेकांचं इथेच चुकतं, दाबलं की थांबतात. वीसात दोन चांगले आले तरी खूप.

दमट_हवामान:
एवढं सगळं सांगितलंत आणि मुंबईतल्या खऱ्या शत्रूचं नाव नाही. लेन्सची बुरशी!

जून ते सप्टेंबर हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या पुढे सहज असते. हवा ६०-७० टक्क्यांच्या वर दीर्घकाळ राहिली की काचांच्या आत बुरशी धरते. ती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक तंतूंनी सुरू होते. वेळेत साफ केली तर जाते. उशीर झाला तर काचेवरचा लेप खाऊन टाकते, मग साफ करूनही डाग राहतो. कपाटात कपड्यांत गुंडाळून ठेवणं आणि चामड्याच्या केसमध्ये ठेवणं, हे दोन्ही बुरशीला पाहुणचार. ओल धरून ठेवायला चामड्यासारखं दुसरं काही नाही.

उपाय स्वस्त आहे. रबरी कडा असलेला, झाकण घट्ट बसणारा १०-१२ लिटरचा डबा. तळाला २००-२५० ग्रॅम सिलिका जेल कापडी पुरचुंडीत. आत एक छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत हवा. ३०च्या खाली सारखा राहू देऊ नका, फार कोरडं हवामानही रबराला आणि वंगणाला मानवत नाही. निळी जेल गुलाबी झाली की ओली झाली, नारिंगी असेल तर हिरवी होते. ओव्हनमध्ये ११०-१२० अंशावर दीड-दोन तास ठेवली की पुन्हा कोरडी. निळ्या जेलमध्ये कोबाल्टचा क्षार असतो, तो विषारी आहे, म्हणून स्वयंपाकाचं भांडं वापरायचं नाही आणि मुलांच्या हाती लागू द्यायची नाही. डांबरगोळ्या डब्यात टाकू नका. आणि लेन्स महिनोन्‌महिने पडून राहू देऊ नका, आठवड्यातून एकदा काढून वापरा.

दुसरा त्रास वातानुकूलनाचा. एसी लोकलमधून किंवा मॉलमधून बाहेर पडलात की थंड काचेवर बाहेरच्या दमट हवेचं पाणी धरतं. पुसलं की पुन्हा धरतं. बाहेर पडण्याआधी आतच कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद करा, बाहेर आल्यावर वीस-तीस मिनिटं पिशवीतच तापू द्या. पाणी पिशवीवर धरेल, काचेवर नाही. धुकं धरलेलं असताना लेन्स अजिबात बदलू नका, तेच पाणी सेन्सरवर जातं.

समुद्राचे तुषार उडाले असतील तर कोरड्या कापडाने पुसू नका, मीठ काचेवर घासलं जातं. आधी ब्लोअर, मग किंचित ओलसर सुती कापडाने बॉडी, आणि लेन्सला पुसायचा मऊ कपडा. पावसाळ्यात भरतीचा आकडा साडेचार मीटरच्या पुढे असेल त्या दिवशी महापालिका समुद्रापासून लांब राहायला सांगते. ते कॅमेऱ्यासाठी नाही, तुमच्यासाठी.

नवखी_बोरिवली:
बोरा बाजारात जुनी ५० मिमी बघायला जायचं म्हणतेय. काय तपासू?

दमट_हवामान:
मोबाइलचा टॉर्च. दोन्ही झाकणं काढा, मागून टॉर्च मारा, पुढून तिरकं बघा. धूळ असली तर चालते, तंतू किंवा दुधी झाक दिसली तर परत ठेवा. बुरशीची लेन्स इतर लेन्सांशेजारी ठेवायचीच नाही. मग आपल्या कॅमेऱ्याला लावून एफ/१.८, एफ/४ आणि एफ/१६ असे तीन फोटो काढा. भोकाची पाती तेलकट असतील तर मिटायला उशीर होतो आणि एफ/१६चा फोटो नको इतका उजळ येतो. दुकानाच्या फळीवरचं वर्तमानपत्र समोरून सरळ काढा, चारी कोपरे मोठे करून बघा. एकच कोपरा पुसट असेल तर लेन्स कधीतरी पडलेली असू शकते. काही जुन्या ५० मिमी लेन्सांत फोकसची मोटर नसते. तुमचा कॅमेरा नवशिक्यांसाठीच्या मालिकेतला निकॉन असेल तर बॉडीतही मोटर नसते, मग फोकस हातानेच करावा लागेल. लावून बघितल्याशिवाय पैसे काढू नका. बिलावर लेन्सचा क्रमांक लिहून घ्या.

तिसरी_खिडकी:
रॉ की जेपेग?

अंधारखोली:
पहिला महिना दोन्ही एकदम. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात रॉ, म्हणजे सेन्सरची कच्ची फाइल, साधारण २५-३० एमबीची असते, ६४ जीबीच्या कार्डावर पुरेसे मावतात. जेपेग वर्गात दाखवायला, रॉ नंतर शिकायला. कार्ड संगणकावर नाही, कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा, तेही फोटो दोन ठिकाणी उतरवून झाल्यावर. लाल दिवा लुकलुकत असताना कार्ड ओढू नका.

भिंगरी:
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे). दोनदा पडला होता.

तिसरी_खिडकी:
उद्याच ओव्हलला जायचंय. पिशवीत काय काय घेऊ?

फास्ट_लोकल_स्लो_शटर:
कॅमेरा, एकच लेन्स, रिकामं कार्ड, मऊ कपडा, पाण्याची बाटली वेगळ्या कप्प्यात. निघण्याआधी आयएसओ, अधिक-उणे, व्हाइट बॅलन्स आणि फोकसचा मोड बघा, कालच्या मंडपातले आकडे तसेच राहिलेले असतात.

अंधारखोली:
आणि बॅटरी चार्जरमध्येच नाही ना, तेही.